आण्णांचा दमा

चाकण, १२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या, नमस्कार.

या पत्राचं उत्तर घरी पाठवू नकोस. पाकिटाच्या मागे चाकणच्या आमच्या कंपनीचा पत्ता लिहिला आहे. त्यावर माझं नाव आणि 'फायनल इन्स्पेक्शन' एवढं घाल. गेटवर भिमाजी काका असतात, ते माझं टपाल बाजूला ठेवतात. थेरगावचं घर दोन खोल्यांचं, आणि पोस्टमन आला की दार आण्णाच उघडतात. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि शेजारच्या मुलीला मेसेज वाचायला दिला तर ती गल्लीभर वाचेल, असं तूच म्हणतेस. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिते आहे.

आण्णांना दमा नाही.

चार महिने आम्ही त्यांना दम्याचा पंप देत होतो. डांगे चौकातल्या दोन दवाखान्यांत दाखवलं, दोघांनीही तेच सांगितलं. आमच्याकडची धूळ, त्यांची साठी, सगळं आयुष्य कारखान्यात गेलेलं. दमा वाटायला सोपा होता, म्हणून आम्हालाही तोच वाटला. दसऱ्यानंतर मात्र ते आडवे होईनासे झाले. आधी दोन उशा, मग तीन, मग भिंतीला टेकून बसूनच झोप. श्वासाबरोबर छातीतून शिट्टी येते. दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला थांबतात आणि आम्ही आपलं ऐकलंच नाही असं दाखवतो.

शुक्रवारी समाधानदादाने शिफ्ट बुडवली आणि आम्ही त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच वाटल्या. त्यांनी बराच वेळ नुसती छाती ऐकली. म्हणाल्या, दम्याची शिट्टी दोन्ही बाजूंना वाजते आणि तिचे सूर वेगवेगळे असतात. ही एकाच जागी, एकाच सुरात वाजते आहे. तिथे काहीतरी अडकलं आहे. स्कॅन केला. डाव्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या नळीत गाठ निघाली. तिचं टोक वरच्या मुख्य श्वासनळीतही आलं आहे.

मग त्यांनी जुने कागद मागितले. मी फाइल नेली होतीच. २०२१ साली आण्णांचं एक मूत्रपिंड काढलं तेव्हाचा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला आणि दादाला आणि मला बाहेर बोलावलं. मूत्रपिंडाचा कॅन्सर काही वर्षांनी श्वासनळीत उगवू शकतो, म्हणाल्या. तुकडा तपासल्यावर नक्की कळेल, पण त्यांना फारशी शंका नाही. आजार मुळासकट जाणार नाही. वाट मात्र मोकळी करता येईल, आणि ती लवकर केली नाही तर डावं फुफ्फुस बंद पडेल.

त्या जुन्या कागदावर दर सहा महिन्यांनी स्कॅन करा असं लिहिलं होतं. आम्ही दोन वर्षं केले. मग आण्णा म्हणाले, मला काय झालंय, आणि मी मोबाइलमधली तारीख पुढे ढकलली. मीच ढकलली. हे दादाला आठवत नाही, पण मला आठवतं.

बाहेर आल्यावर आण्णांनी विचारलं, काय म्हणाल्या? दादा चपला शोधायला लागला. मी म्हणाले, कफाची गाठ अडकली आहे, ती काढायची आहे. ते हो म्हणाले.

दादाचं म्हणणं, सांगायचं नाही. मला कळत नाही. आई गेल्यावर सात वर्षांची होईपर्यंत तुझ्या ओसरीवर मी अक्षरं गिरवली, आणि नाही आलं तर नाही आलं म्हणायचं, पुसून आलं म्हणून दाखवायचं नाही, हे तूच शिकवलंस. आता काय करू ते लवकर लिही.

तुझी
वर्षाली


केज, १८ नोव्हेंबर

चि. वर्षाली,

पत्र शनिवारी मिळालं. दोन दिवस लिहून लिहून कागद फाडले, कारण माझं अक्षर बिघडलेलं तुला चालत नाही.

सांगू नका. मी थोरली आहे, हे माझ्यावर घाल. उद्या कुणी विचारलंच तर आत्याने सांगितलं म्हणावं.

तुझ्या आजोबांचं तुला माहीत नाही. १९९४ साली अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आप्पांना तोंडावर सांगितलं, पोटात कॅन्सर आहे. आप्पा बसमधून उतरून घरी चालत आले, स्वतःच्या पायांनी. आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. पाणी दिलं तर घ्यायचे, भाकरीला हात लावायचे नाहीत. अकराव्या दिवशी गेले. आजार एवढ्या घाईचा नव्हता, डॉक्टरांनी वर्ष तरी सांगितलं होतं. तुझा बाप उद्धव चाकणहून आला तेव्हा दोनच दिवस उरले होते. आधीचे नऊ दिवस त्याने पाहिले नाहीत, मी पाहिले. माणूस आजाराने मरायच्या आधी त्याच्या नावाने मरतो. उद्धव आप्पांसारखाच आहे. वरून हसतो, आत सगळं ओढून घेतो.

तू कफाची गाठ म्हणालीस ते बरोबर केलंस. खोटं आणि पथ्य यांत फरक असतो. पाटीवरचे धडे लहान मुलांसाठी होते गं.

ते वाट मोकळी करायचं काय म्हणतात ते मात्र करा, आणि माझ्या उत्तरासाठी थांबू नका. इतक्या शहाण्या मुलीने आत्याच्या पत्रावर दवाखाना ठरवू नये.

स्कॅनच्या तारखेचं पुन्हा लिहू नकोस. तो साठ वर्षांचा बाप्या आहे, त्याची तारीख त्यालाही ठाऊक होती.

तुझी आत्या
दुर्गा


चाकण, २७ नोव्हेंबर

ती. आत्या,

झालं. २१ तारखेला सकाळी. तुझं पत्र आदल्या दिवशीच हातात पडलं होतं.

ठरलं होतं पुढच्या आठवड्यात, पण बुधवारी आण्णांना पाणी पिणंही जमेना. ओठ निळसर झाले. हॉस्पिटलात त्यांना झोपवताही येत नव्हतं. बसल्या बसल्याच त्यांच्यापुढे चार पानांचा कागद आला. त्यांनी हाताने विचारलं, काय आहे? मी म्हणाले, नेहमीचं. दादाने पेन बोटांत दिलं आणि म्हणाला, आण्णा बोलू नका, सही करा. त्यांनी केली. कंपनीत मी तीन ठिकाणी मोजल्याशिवाय एका पार्टवर शिक्का मारत नाही.

काय केलं ते डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं, ते तुला लिहिते. पूर्ण भूल दिली. तोंडातून एक सरळ, कडक नळी श्वासनळीत उतरवली. मूत्रपिंडाच्या या गाठीला रक्त फार असतं, म्हणून आधी ती उष्णतेने जाळून रक्त थांबवलं. मग एका बारीक दांडीच्या टोकाने तिला गोठवायचं, ती दांडीला चिकटली की तुकडा ओढून काढायचा, पुन्हा आत जायचं. असं दोन तास. शेवटी तिथे जाळीची एक नळी बसवली. ती मिटलेली आत जाते आणि जागेवर उघडते, म्हणजे गाठीने पुन्हा भिंत आत ढकलली तरी वाट उघडी राहते. तुकड्यांचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा उताणे झोपले. पाच तास. मी खुर्चीत बसून त्यांची छाती मोजत होते. वर, खाली. शिट्टी नाही. इतकी शांत खोली मी किती महिन्यांनी ऐकली. उठल्यावर त्यांनी भात मागितला आणि दादाला म्हणाले, "लाइन साफ झाली रे." तुला माहीत आहे, तीस वर्षं ते कंपनीत हवेच्या लाइनचं मेंटेनन्स करत होते. त्यांना सगळ्यात लाइनच दिसते.

घरी पाठवताना डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मिठाच्या पाण्याची वाफ मशीनने दिवसातून तीन वेळा द्यायची, चुकवायची नाही. आपली श्वासनळी स्वतःच कफ वर सरकवत असते, जाळीला ते येत नाही. कफ तिथे सुकून बसला तर नळीच बंद होईल. दुसरी, आण्णांना सगळं सांगा. सही घाईत घ्यावी लागली, पण आता ते शुद्धीत आहेत आणि त्यांना हक्क आहे. म्हणाल्या, "तुम्ही घरचे, तुम्ही सांगितलेलं बरं. सहा आठवड्यांनी तपासणीला याल तेव्हा त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

आम्ही सांगितलेलं नाही. तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. मशीन कशाला, तर दम्याला आणि उरलेल्या कफाला, असं सांगितलं आहे. ते दिवसातून तीन वेळा शहाण्यासारखे घेतात. गोळ्या सुरू होतील, नंतर किरणंही द्यावी लागतील. त्याचं काय कारण सांगायचं ते अजून आम्ही ठरवलेलं नाही.

वर्षाली


केज, ४ डिसेंबर

चि. वर्षाली,

तो उताणा झोपला हे वाचून मी माझ्या बालवाडीतल्या बायांना गूळ-शेंगदाणे वाटले. का, ते कुणाला सांगितलं नाही.

सहा आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. तोवर त्याच्या अंगावर मांस चढू दे. त्या डॉक्टरबाई हुशार दिसतात, पण त्यांनी आप्पांना पाहिलेलं नाही. तपासणीला समाधानला आत जाऊ दे. तू बाहेर बस, तुझ्या तोंडावर सगळं वाचता येतं.

उद्धवला घरच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकलं आहे. दमाच धरून लिहिलं आहे, म्हणजे त्याला शंका यायला जागा नको. थोरल्या बहिणीने काहीच विचारलं नाही तर त्यालाच नवल वाटेल.

तू जेवतेस का? पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही.

आत्या


चाकण, ९ जानेवारी २०२५

ती. आत्या,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. डिसेंबरभर सगळं ठीक होतं आणि ठीक असताना लिहायला काही सुचत नव्हतं.

३ तारखेला दुपारी आण्णांना एकदम श्वास लागला. मी कंपनीत होते. दादा पहिल्या शिफ्टवरून घरी आला तेव्हा ते दाराची चौकट धरून उभे होते आणि बोलता येत नव्हतं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते बेशुद्ध झाले. मी चाकणहून निघाले तर कांद्याच्या ट्रकांमागे अडकले. दादाचा फोन लागत नव्हता. त्या वेळात मी काय काय ठरवून टाकलं ते लिहीत नाही.

ते वाचले. नळीत कफ सुकून बुचासारखा बसला होता. दुर्बिणीतून ओढून काढला. मशीन तीन दिवस बिघडलं होतं, त्यामुळे तसं झालं.

आत पाहताना आणखी एक दिसलं. नळीच्या खालच्या टोकाशी गाठ पुन्हा वाढते आहे. ती एकदा काढून तिथे दुसरी, लांब नळी बसवावी लागेल. आधी जरा ताकद येऊ द्या म्हणाल्या, मग वीस तारखेच्या सुमारास.

परवा घरी आणलं. आण्णा बोलत नाहीत फारसं. आमच्याकडे बघत राहतात. काल मला म्हणाले, "वर्षे, दम्याच्या माणसाला एवढे डॉक्टर लागतात व्हय?" मी म्हणाले, धूळ वाढली आहे. दादा आता तिसऱ्या शिफ्टला जातो, म्हणजे दिवसा कुणीतरी घरी असतं. मी घरी आले की तो निघतो. आम्ही जिन्यात भेटतो आणि कुणी काय सांगितलं ते जुळवून घेतो, म्हणजे आण्णांसमोर दोन गोष्टी व्हायला नकोत.

मला दमल्यासारखं होतं, आत्या. काम केल्याचं दमणं नाही हे. बेंचवर कालचा एक लॉट मी चारदा मोजला आणि आकडा लक्षात राहिला नाही.

वर्षाली


केज, १५ जानेवारी

वर्षाली,

संक्रांतीचा तीळगूळ वेगळा पाठवते आहे. पत्र त्याच्यासाठी थांबवलं नाही.

तू लिहिलंस, मशीन तीन दिवस बिघडलं होतं. काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, दुसरं का आणलं नाही, काही नाही. तू लहानपणी पेन्सिल हरवली तरी ती कुठे हरवली असेल याच्या तीन जागा सांगायचीस. तू एवढ्यावर थांबलीस, म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं. माझ्यापासून काय लपवायलीस?

आणि मलाही एक विचारायचं आहे, त्याचं सरळ उत्तर दे. मी उद्धवला जे पत्र टाकलं त्यात लिहिलं होतं, बरं वाटत असेल तर त्या मशीनची सवय लावून घेऊ नको, दम्याच्या माणसाला मशीनची सवय लागली की सुटत नाही. मी दमा धरून लिहीत होते. लिहिता लिहिता खरंच वाटलं आणि दम्याच्या माणसाला जे सांगतात ते लिहून गेले. तुझं २७ तारखेचं पत्र माझ्या मांडीवर होतं. चुकवायची नाही, असं त्यात तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

त्याने माझं ऐकलं का?

आत्या


थेरगाव, २६ जानेवारी

ती. आत्या,

आज सुट्टी आहे. घरी बसून लिहिते आहे, आण्णा समोर आहेत. ते का चालतं ते पुढे लिहिते.

मशीन बिघडलं नव्हतं. आमच्या शेजारी यशोदाबाई राहतात. त्यांना खरा दमा आहे. वर्षाच्या शेवटी थंडी आणि कचऱ्याचा धूर, त्यात त्यांचं मशीन जळालं. ३१ तारखेला मी कामावरून आले तर आमच्या फळीवरची जागा रिकामी. आण्णा म्हणाले, "दिलं तिला. ती बिचारी तडफडायली, आन् मला काय झालंय आता? आक्कानंबी लिहिलंय सवय लावू नको म्हणून."

तर हो, ऐकलं. पण तुझ्या एकटीमुळे नाही. मशीन परत मागायला मी त्याच संध्याकाळी गेले होते. यशोदाबाई मास्क लावून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मास्क काढला आणि माझ्या बापाला आशीर्वाद दिले. मशीन मागायचं तर सांगावं लागलं असतं की आण्णांना ते दम्यासाठी लागत नाही, कशासाठी लागतं. भिंत एक विटेची आहे, तिकडे बोललेलं इकडे ऐकू येतं. मी त्यांना तब्येत विचारली आणि परत आले. दादाला जिन्यात सांगितलं. तो म्हणाला, शनिवारी सुट्टी आहे, नवीन आणतो, तोवर काय होतंय. मी पण म्हणाले, तोवर काय होतंय. पहिल्या दिवशी मी आण्णांना गरम पाणी प्यायला दिलं. दुसऱ्या दिवशी खोकला सुका वाटला. तिसरा दिवस शुक्रवार होता.

एक वाक्य बोलायचं होतं. ते मी तीन दिवस बोलले नाही आणि तुला पत्रातही लिहिलं नाही.

आता सोमवारचं सांगते. २० तारखेला दुसऱ्या वेळच्या तयारीला हॉस्पिटलात गेलो. तोच चार पानांचा कागद आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाचून घ्या, मी अर्ध्या तासाने येते, काय विचारायचं ते विचारा. आणि माझ्याकडे बघून गेल्या. दादा औषधं आणायला खाली गेला होता. आण्णांनी कागद उलटसुलट केला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच."

"नेहमीचंच आहे, आण्णा."

"मागच्या बारीलाबी हेच म्हणालीस."

"इंग्रजीत आहे."

"कंपनीत ड्रॉइंगं वाचतीस आन् हे येईना? मराठीत करून वाच. सावकाश. मला घाई न्हाई."

मी नाव वाचलं. वय वाचलं. वॉर्डचा नंबर वाचला. पुढच्या ओळीत आजार होता. तिथे मी कागदावर बोट ठेवून थांबले. आण्णा वाट बघत होते, अगदी शांतपणे, मी लहान असताना एखादं जोडाक्षर अडलं की तू थांबायचीस तसे. मग म्हणाले, "थांबलीस का? वाच."

मी वाचलं. मूत्रपिंडाचा कर्करोग, श्वासनळीत पसरलेला, त्यामुळे श्वासमार्गात अडथळा, २१ नोव्हेंबरला नळी बसवली आहे. एकदा सुरू झाल्यावर मी कुठेही गाळलं नाही. रक्तस्राव होऊ शकतो, दात तुटू शकतो, नळी सरकू शकते, कृत्रिम श्वासावर ठेवावं लागू शकतं, जीव जाऊ शकतो. या उपायाने आजार बरा होणार नाही, हेही. चार पानं. एक शब्द मला मराठीत आला नाही, तो येत नाही असं सांगितलं.

ते भिंतीकडे वळले नाहीत, आत्या. त्यांनी छातीवर हात ठेवला. मग विचारलं, "आत पाइप आहे? नोव्हेंबरपासून?"

मी हो म्हणाले.

"आन् ती वाफ त्या पाइपासाठी होती."

"हो."

त्यांना राग आला, पण मला वाटलं होतं त्याचा नाही. म्हणाले, "हवेच्या लाइनीत पाणी साचतं. तीस वर्षं शिफ्टला गेलो की आधी ड्रेन उघडून लाइनीतलं पाणी काढायचो, मग चहा. एक दिवस चुकलो न्हाई. माझ्या छातीत पाइप टाकला आन् ड्रेन करायचं मलाच सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर ते मशीन मी शेजारी दिलं असतं का गं?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. नंतर विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे. मी मोजून सांगितलं. मी, दादा, तू, डॉक्टर. भिमाजी काकांनाही बहुतेक अंदाज आहे.

"म्हणजे पेशंट सोडून सगळ्यांना," म्हणाले, आणि हसायला गेले तर खोकला आला.

दादा वर आला तेव्हा त्यांनी त्याला एवढंच विचारलं, शिफ्ट कधीची आहे. तो माझ्या तोंडाकडे बघून काय ते समजला आणि पलंगाच्या पायाशी बसला. डॉक्टरबाईंना आण्णांनी स्वतः विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं. एका प्रश्नाच्या वेळी आण्णांनी दादाला आणि मला बाहेर पाठवलं. मग सही केली, आणि सहीखाली तारीख आणि वेळ घातली, लॉगबुकात घालायचे तशी.

२२ तारखेला दुसरी नळी बसली. काल घरी आलो. तुझी सगळी पत्रं मी त्यांच्यापुढे ठेवली आहेत. तुला विचारायला हवं होतं, पण विचारून उत्तर येईपर्यंत आठ दिवस गेले असते आणि आता आठ दिवस लपवायची माझ्यात ताकद नाही.

वर्षाली


थेरगाव, २ फेब्रुवारी

आक्का,

नमस्कार. माझं अक्षर तुला लागेल का नाही माहीत नाही. लॉगबुकाशिवाय मी कुठं काही लिहिलेलं नाही.

तुझी पत्रं वाचली. तुझ्यावर राग नाही. मशीनचं तू लिहिलं नसतंस तरी मी दिलंच असतं. पोरगी चार दिवस झोपली नव्हती, आता झोपते. समाधान मात्र अजून माझ्याशी जपून बोलतो, त्याला वेळ लागेल.

नळी ठीक आहे. वाफ मी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला घेतो, म्हणजे शिफ्ट बदलायच्या टायमाला, विसरायला नको. यशोदाबाईंचं मशीन दुरुस्त करून दिलं, त्यातली नुसती वायर जळाली होती. गोळ्या चालू आहेत. तोंड येतं. किरणं पुढच्या सोमवारपासून. दमतो फार. जिना एका दमात होत नाही. पण श्वास माझा मला कळतो, कुठं अडतो ते कळतं, आणि अडला तर काय करायचं ते कळतं.

आप्पांचं तू लिहिलंस ते खरं आहे, पण अर्धं आहे. मी शेवटचे दोन दिवस होतो. तू चुलीपाशी असायचीस, आलेल्या माणसांचं बघायचीस. आप्पा माझ्याशी बोलले. भिंतीकडे तोंड करूनच बोलले, पण बोलले. म्हणाले, आक्काला पुन्हा सासरी धाडू नको, ते लोक तिला मारतील. घर तिच्या नावानं कर, आणि मी सांगितलं हे तिला सांगू नको, तिला वाटू दे भावानं आपणहून केलं. मी तीस वर्षं सांगितलं नाही. आता आपल्यात सांगायचंच ठरलंय तर हेही सांगतो. आपण जाणार हे आप्पांना माहीत नसतं तर ते हे बोलले नसते. मी तेव्हा तरुण होतो, मला एवढी अक्कल नव्हती. घर माझ्याच नावावर राहिलं असतं आणि तुझं काय झालं असतं कुणास ठाऊक.

तेव्हा त्या अकरा दिवसांचं तू स्वतःला लावून घेऊ नको. ते मरायला निजले होते असं तुला दिसलं. ते विचार करत होते.

मलाही आता बसून विचार करायचा आहे. पोरांचं, इथल्या खोलीचं, गावाकडचं. त्यात तू लागशील. बालवाडी महिनाभर दुसऱ्या बाईकडं दे आणि ये. समाधान तुला चिंचवडच्या थांब्यावर घ्यायला येईल. रडायला येऊ नको, ते इथं पुष्कळ झालं. तुला ऐकू येत नाही आणि मला फार बोलवत नाही, तेव्हा आपलं बरं जमेल. कागद आणून ठेवतो.

मी डॉक्टरबाईंना पोरांना बाहेर पाठवून विचारलं, किती दिवस. त्यांनी नक्की नाही पण साधारण सांगितलं. पोरांनी अजून विचारलेलं नाही, विचारलं की सांगेन. तुलाही सांगेन, पण पत्रात नाही. आलीस की सांगतो.

तुझा
उद्धव